‘आवड’च्या रकान्यात खाडी: अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीच्या परिचयाचं प्रकरण

उन्हाळी प्रशिक्षणाच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: तुमचा अभ्यास आणि तुमच्या आवडी यांविषयी तीनशे शब्दांत लिहा. गुण, सेमिस्टर, प्रकल्प हे सगळं बाकीच्या रकान्यांत आधीच भरलेलं असतं. त्यामुळे वाचणाऱ्याला या तीनशे शब्दांतून मुलाबद्दल काहीतरी वेगळं कळायला हवं असतं. रत्नागिरीत आमच्याकडे तपासायला येणाऱ्या अर्जांत मात्र एकाचे तीनशे शब्द दुसऱ्याला चिकटवले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. पुढे मांडलंय ते अशाच एका अर्जाचं प्रकरण. विद्यार्थिनीची परवानगी घेतली आहे. नाव आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ईएनटीसी’ची. दहावीनंतर डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. घर मुचकुंदीच्या खाडीकाठी. ही नदी पूर्णगडच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. वडील दुसऱ्याच्या नौकेवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, आई काजूच्या कारखान्यात, आणि आजी ‘घरीच असते’. घरीच म्हणजे काय, ते पुढे येईल.

डिप्लोमाहून येणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर एकदम एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभं राहतं: लाप्लास, फूरिए आणि मंडळी. हिला त्यात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पुढच्या सत्रात सुटली. बाकी गुण बरे होते. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी दर वर्षी छापून येते आणि आम्ही दर वर्षी खूश होतो. त्याच मुलांना तीनचार वर्षांनी ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटलं की ती खाली बघतात. पाठ करता येईल असं उत्तर या प्रश्नाला नसतं. तरी मुलं ते शोधून काढतातच.

पहिला मसुदा

तो असा होता: ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि संघभावनेने काम करणारी विद्यार्थिनी आहे. मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे. आर्टिफिशियल इंटेलिजन्स, मशीन लर्निंग आणि आयओटी या क्षेत्रांत मला विशेष रस आहे. वाचन, संगीत ऐकणे आणि प्रवास हे माझे छंद आहेत.’

शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस, असं विचारल्यावर ती हसली. प्रवास कुठे केलास? ‘कॉलेज ते घर, एसटीनं.’ मशीन लर्निंगमध्ये काय केलंस? ‘दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट आहे.’

यात ती खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. अर्जात असंच लिहितात म्हणून तिनं लिहिलं होतं; सीनियरांचे अर्ज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यातूनच हे येतं. पण ‘रस आहे’ असं लिहिलं की समोरचा माणूस त्या रसाबद्दल चार प्रश्न विचारणार, आणि पहिल्याच प्रश्नाला सर्टिफिकेट पुढे करावं लागत असेल, तर तो रस इतरांच्या देखादेखी आलेला आहे, हे समोरच्याला कळतंच.

दुसरा मसुदा

‘तुझं स्वतःचं काहीतरी लिही’ असं सांगितल्यावर जे आलं ते पूर्ण उलट्या टोकाचं. वडील मासेमारी करतात, परिस्थिती बेताची, मोठ्या कष्टानं शिकवलं, त्यांचं स्वप्न पूर्ण करायचं आहे. सगळं खरं, अक्षर न अक्षर.

यावरून आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, हे राहू द्या, वाचणाऱ्याचं मन वळतं. मला ते पटलं नाही. ती परिस्थिती घराची होती. मुलीनं काय पाहिलं, काय करून बघितलं, तिला कशाचं कोडं पडलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. शिष्यवृत्तीच्या अर्जात हे जरूर लिहावं, तिथे त्यासाठीच रकाना असतो. पण प्रयोगशाळेत सहा आठवडे कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या माणसाला त्या मुलाबरोबर काम करायचं असतं. दया आली म्हणून फार तर तो अर्ज दोनदा वाचेल.

मग एक दिवस, अगदी वेगळ्याच कारणानं, खरी गोष्ट हाती लागली.

पाऊणकी

अर्जावर बसायला मी तिला एका शनिवारी सकाळी बोलावलं. ती म्हणाली, ‘मॅडम, शनिवारी दुपारी येऊ का? सकाळी आजीबरोबर सुकतीला जायचंय. नवाच्या आत खाडीत उतरायला हवं.’

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की खडकावरची कालवं आणि चिखलातल्या तिसऱ्या (शिंपल्या) काढायला बायका खाडीत उतरतात. हिची आजी घरीच असते ती अशी. पण नऊ ही वेळ कुठून काढली?

‘शनिवारी पंचमी आहे ना.’

मग तिनं आजीचा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पुरी भरती. पंचमी पावणेचार, सष्टी साडेचार, सप्तमी सवापाच, अष्टमी सहा. भरतीनंतर सहा तासांनी पुरी सुकती. म्हणजे पंचमीला दहाच्या सुमारास खाडी रिकामी होते, आणि कालवं काढायची तर त्याआधी तासभर तरी उतरायला हवं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे घोकून घेत, त्यामुळे पाऊणपट करायला त्यांना क्षणही लागत नाही.

इथवर ऐकून मला वाटलं, बरं झालं, अर्जात घालायला एक छान ओळ मिळाली. पण ती पुढे जे बोलली ते महत्त्वाचं होतं.

‘पण ते चुकतं, मॅडम. पौर्णिमेच्या आसपास जास्त चुकतं.’

तुला काय माहीत, असं विचारल्यावर तिनं मोबाइल काढला. गॅलरीत जेटीच्या पायऱ्यांचे फोटो होते. एकामागून एक, नुसत्या पायऱ्या. कुठे तिसरी पायरी ओली, कुठे सातवी, कुठे शेवाळाच्या रेषेपर्यंत पाणी. फोटोला वेळ आपोआप लागते, त्यामुळे वेगळं लिहून ठेवायची गरज नाही. हा उद्योग कशासाठी? खाडीच्या मुखाशी गाळ साचला आहे. भरलेली नौका पाणी चढल्याशिवाय आत येत नाही, आणि वडील कधी येणार यावर बर्फ आणि टेम्पो कधी सांगायचा हे ठरतं. आजीच्या वेळेवर टेम्पो बोलावला की कधीकधी तो उभा राहायचा आणि भाडं वाढायचं. म्हणून पोरीनं फोटो काढायला सुरुवात केली होती.

आणखी एक गोष्ट अशीच ओढून काढावी लागली. मिनी प्रोजेक्टमध्ये तिच्या गटानं पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारं यंत्र केलं होतं. दर वर्षी निम्मे गट हेच करतात; अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळतो आणि कोड इंटरनेटवर तयार असतो. पण सुट्टीत हिनं ते यंत्र घरी नेऊन जेटीखाली लावलं होतं. लाटांमुळे आकडे नाचायला लागले, म्हणून एक पीव्हीसी पाइप उभा बांधला, तळाला बूच बसवून त्याला बारीक भोक पाडलं, आणि सेन्सर पाइपच्या वरच्या तोंडाला बसवला. पाइपमधलं पाणी लाटेबरोबर हलत नाही, भरतीबरोबर मात्र सावकाश चढतं-उतरतं. समुद्राची पातळी मोजणारी जुनी केंद्रंही याच तत्त्वावर चालत आली आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. अडचण आली म्हणून तिनं तोडगा काढला होता.

हे कॉलेजमध्ये कुणाला का सांगितलं नाहीस? ‘ते प्रोजेक्टमध्ये नव्हतं.’

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य हे. मुलांच्या डोक्यात ‘अभ्यास’ आणि ‘घरचं’ अशी दोन खाती पक्की असतात, आणि अर्ज लिहिताना ती फक्त पहिलं खातं उघडतात.

आजीची तूट कुठे जाते

आता गणित. इथे थोडं थांबायला हवं, कारण परिचय उभा राहिला तो यावरच.

अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत अर्धं वर्तुळ पुरं करतो. तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळात १२ तासांनी पुढे सरकते आणि पुन्हा जवळपास त्याच आकड्यावर येते. तिथी १५, तास १२. म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. आजी धरते पाऊण तास, ४५ मिनिटं. रोजची तूट तीन मिनिटांची, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पंधरा तिथींत ती ४५ मिनिटं होते. पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरावर येतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पुन्हा पहिल्यापासून सुरू, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी. पाऊण तास त्या दिवसाचा, पाऊण तास पंधरवड्याची थकबाकी. आजीचा नियम दर पौर्णिमा-अमावास्येला आपलं देणं आपणच फेडून टाकतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

तिथीसुद्धा सगळ्या सारख्या नसतात. कधी २० तासांच्या आसपास, कधी २६ तासांच्या वर. क्षय तिथी आली, म्हणजे मधली एक तिथी गळली, की हिशोब एकदम पुढे पळतो, खाडी मात्र आपल्याच चालीनं चालते.

फोटोंतून तिला आणखी एक गोष्ट दिसली होती आणि तिचा उलगडा होत नव्हता. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरतीची वेळ रोज थोडीथोडीच सरकते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, तासाच्याही वर सरकते. ४८ मिनिटं ही नुसती सरासरी.

मी तिला दोन आकडे दिले. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तनकाळ १२.४२०६ तास, सूर्यामुळे येणारीचा १२ तास. हे दोन तरंग एकत्र केले तर काय होईल? हे तिनं ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’मध्ये शिकलेलं होतं: जवळजवळ सारख्या वारंवारितेचे दोन तरंग मिळाले की त्यांची बेरीज ठरावीक काळानं फुगते आणि ओसरते. तिनं कॅल्क्युलेटरवर काढलं. ३५४ तास. भागिले २४. १४.७७ दिवस.

‘पंधरवडा!’ ती जवळजवळ ओरडली. ज्या विषयात केटी लागली होती, त्यातली फूरिए मालिका, म्हणजे तरंगांची बेरीज, तिच्या दारातल्या खाडीत रोज चढत-उतरत होती.

मग थोडा इतिहासही वाचून काढला. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून आहे. हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरत्या आधी वर्तवण्यासाठी १८७९ मध्ये इंग्लंडात खास यंत्र बनवलं गेलं. कप्प्या आणि चाकं फिरवून ते अशा अनेक तरंगांची बेरीज करायचं. आज सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापते.

कोष्टकं छापून मिळतात तर मग तुझ्या पाइपची गरज काय, हा प्रश्न मी मुद्दामच विचारला. मुलाखतीत कुणीतरी विचारणारच होतं. तिला उत्तर सुचायला दोन दिवस लागले, पण आलं ते चोख: कोष्टकं मोठ्या बंदरांची. खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, आणि उथळ पाण्यात तिचा आकारही बदलतो. चढते भरभर, उतरते रेंगाळत. पावसाळ्यात वरून नदीचं पाणी येतं ते वेगळंच. जेटीवर पाणी कधी चढेल हे बंदराच्या कोष्टकावरून थेट सांगता येत नाही, किती फरक पडतो ते मोजावं लागतं.

अर्जात गेलेला मजकूर

आधी मराठीत लिहून घेतला, मग इंग्रजी केला. मराठी असा:

‘मी ईएनटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले. एम-थ्री मला दुसऱ्या प्रयत्नात सुटलं. माझं घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. माझी आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगते. मी जेटीच्या पायऱ्यांचे फोटो काढून तिचा नियम तपासला आणि तो पंधरवड्याच्या शेवटी साधारण पाऊण तास मागे पडतो असं मला दिसलं. त्यानंतर अल्ट्रासॉनिक सेन्सर पीव्हीसी पाइपमध्ये बसवून दर पाच मिनिटांनी पातळी नोंदवली. लाटांचा परिणाम कमी झाला. सेन्सर मात्र खाऱ्या हवेनं लवकर गंजला, त्यामुळे माझ्याकडची नोंद सलग नाही. बंदरापेक्षा आमच्या जेटीवर भरती किती उशिरा येते आणि पावसाळ्यात त्यात काय बदल होतो, हे मला शोधायचं आहे. त्यासाठी सिग्नल प्रोसेसिंग नीट शिकायचं आहे. मला सी आणि पायथॉन येतं. पायथॉन अजून कच्चं आहे.’

तीनशे शब्द भरले नाहीत. भरायचा आग्रहही धरला नाही.

एम-थ्रीच्या वाक्यावर पुन्हा वाद झाला. अपयश आपणहून कशाला सांगायचं? मार्कलिस्टवर ते दिसणारच होतं, पण वाक्य ठेवायचं की काढायचं हे मी तिच्यावर सोपवलं. तिनं ठेवलं. पुढे त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ना चांगलं ना वाईट.

मुलाखत

गोव्यातल्या एका संशोधन संस्थेसाठी फोनवर मुलाखत झाली. बहुतेक वेळ त्या पाइपवरच गेला. विचारलं, भोक आणखी लहान केलं तर? ती म्हणाली, लाटा अजून कमी दिसतील, पण भरतीही आत उशिरा चढेल आणि शिखर थोडं बुटकं होईल, लो-पास फिल्टरसारखं, म्हणजे झटपट बदल अडतात आणि सावकाश बदल आत जातात. हे उत्तर तिला कुणी पढवलेलं नव्हतं. चिखलानं भोक अर्धवट बुजलं होतं तेव्हा तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरा प्रश्न अवघड गेला. दुपारी आणि रात्री तुझ्या आकड्यांत काही फरक दिसतो का? तिनं ते पाहिलं नव्हतं आणि तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर हिशोब केला. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. तिच्या कोडमध्ये सेकंदाला ३४३ मीटर हा २० अंशांचा वेग धरलेला होता. उन्हात तापलेल्या पाइपमध्ये ४० अंश झाले तर वेग ३५५ च्या आसपास जातो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि दोन मीटर अंतरावर पाणी सुमारे सात सेंटिमीटर उंच असल्याचं दिसतं. तिनं हे चार ओळींत लिहून त्यांना मेल केलं. निवड झाली, सहा आठवड्यांची. मेलमुळे झाली की मुलाखतीमुळे, ते कळायला मार्ग नाही.

पुढे

कॅम्पसच्या वेळी मात्र हाच परिचय आपटला. सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत तिनं आजीपासून सुरुवात केली आणि पाऊणकीपर्यंत पोचेतो समोरच्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारून टाकला. त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. दिवसभरात शंभर मुलं बघायची असतात आणि त्यांना भरतीशी काही देणंघेणं नसतं. मग आम्ही तेच काम दुसऱ्या अंगानं मांडलं. दर पाच मिनिटांनी येणारी नोंद, मधेच गायब झालेले तास, मासा किंवा शेवाळ आडवं आल्यानं आलेले भलते आकडे, ते पायथॉननं कसे शोधले आणि गाळले. एवढं आधी, चार वाक्यांत. खाडी विचारली तरच. पुढच्या कंपनीत ती तांत्रिक फेरी ओलांडून गेली. निकाल यायचा आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिनं याच विषयावर घेतला आहे, एका वर्गमैत्रिणीबरोबर. या वेळी सेन्सर पाणी न शिरणारा आहे, बरोबर तापमापकही आहे, आणि खर्च निम्मा-निम्मा. जुना पाइप एका नौकेच्या दोरात अडकून गेला. नवा कुठे लावायचा यावर बरीच चर्चा झाली. आजीचं म्हणणं, उत्तरेकडच्या खांबाला लावा, तिथे नौका लागत नाहीत आणि गाळही कमी असतो. मार्गदर्शक सरांनी जागा पाहून ते मान्य केलं आहे.